बॅटरसीचे बॉयलरगृह

लंडनमधील टेम्सकाठचे बॅटरसी वीजकेंद्र केवळ वीज देत नसे. त्याची टाकाऊ उष्णता नदीखालील नळांतून पलीकडच्या पिम्लिकोतील घरांना ऊब देई. १९८३ मध्ये ते बंद पडले. मनोरंजननगरीच्या बेताने बॉयलरगृहाचे छप्पर उतरले, पैसा संपला, भिंती वर्षानुवर्षे पावसात भिजल्या. मालक बदलले. जागा मोक्याची खरी, पण व्याज आराखड्यांसाठी थांबत नाही. २०११ मध्ये कर्जापायी प्रकल्प प्रशासकांच्या हाती गेला. पुढच्याच वर्षी मलेशियन समूहाने तो ४० कोटी पौंडांना घेतला. त्यात त्या देशातील नोकरदारांचा भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे दीर्घ मुदतीचा पैसा होता. हिशेबाची गोम इथेच. आज त्याच बॉयलरगृहात अ‍ॅपलची कचेरी आहे. प्रकल्पातील परवडणारी घरे मात्र २०१७ मध्ये ६३६ वरून ३८६ वर आली.