वाऱ्याचे बिल

नळ उघडला की प्रथम पाणी येत नाही, वारा येतो. तोही गुपचूप येत नाही. फुत्कारत, गुरगुरत, मधूनच तांबूस पाण्याची एखादी पिचकारी उडवीत येतो. ज्या घरांना दिवसातून दोन-तीन तासच पाणी मिळते, त्या घरांतील गृहिणींना हा आवाज पाठ झालेला आहे. पाणी आल्याची ती वर्दी समजून कळश्या-बादल्यांची धावपळ सुरू होते. मात्र त्याच वेळी फाटकाजवळच्या मीटरमधील चक्री भन्नाट वेगाने गरगरत असते आणि तिने मोजलेला प्रत्येक फेरा महिनाअखेर बिलावर पाणी म्हणूनच उमटतो, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

यात मीटरचा दोष म्हणावा तर तो नाही. घरोघरी बसविलेल्या जुन्या धर्तीच्या मीटरात एक चक्री असते. वाहत्या प्रवाहाने ती फिरते आणि तिचे फेरे दात्यांच्या चाकांमार्फत आकड्यांपर्यंत पोहोचतात. आपल्याला फिरविणारे पाणी आहे की हवा, हे विचारण्याची सोय त्या बिचारीजवळ नाही. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट जड. तेव्हा मागून येणाऱ्या पाण्याच्या रेट्याखाली कोंडलेली हवा अरुंद नळीतून सुटताना पाण्याहून किती तरी अधिक वेगाने सुटते आणि चक्रीला त्याच वेगाने पळविते. नळी सदोदित पाण्याने भरलेली राहील, या गृहीतावर हे यंत्र घडविले गेले. आपण ते अर्धा दिवस कोरड्या राहणाऱ्या नळीवर बसविले.

खात्याचे अभियंते याला एक उत्तर देतात आणि ते अगदीच टाकाऊ नाही. मीटर जुना झाला की तो पाणी कमी मोजू लागतो. टाकीचा तरंगता गोळा मिटत आला असता जी बारीक धार चालू राहते, ती पुष्कळदा चक्रीला हलवीतही नाही. म्हणजे एकीकडे वारा जास्त मोजला गेला, तर दुसरीकडे पाणी कमी मोजले जाते, गोळाबेरीज सारखीच! खात्याच्या खतावणीत ती सारखी होतही असेल. परंतु वारा लागतो तो बहुधा डोंगरमाथ्यावरच्या किंवा वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या घराला, आणि बारीक धारेचा लाभ मिळतो तो टाकी बांधण्याची ऐपत असलेल्याला. एकाच्या माथी चढलेला वारा दुसऱ्याच्या टाकीतील फुकट पाण्याने फिटत नाही.

बिलाचे दर जेव्हा टप्प्याटप्प्याने चढतात तेव्हा हा अन्याय अधिकच बोचतो. २०२१ च्या सप्टेंबरात गोवा सरकारने महिना १६ घनमीटरपर्यंत पाणी मोफत देणारी योजना सुरू केली होती. सोळाव्या आणि सतराव्या घनमीटरमध्ये शून्य आणि बिल एवढे अंतर पडणार असेल, तर तो सतरावा घनमीटर पाण्याचा होता की वाऱ्याचा, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाला असलाच पाहिजे. तराजूत दोष सापडला तर वाण्यावर खटला भरणारे सरकार स्वतःच्या मापाविषयी इतके निर्धास्त कसे?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ ओपा प्रकल्पाची जलवाहिनी फुटली आणि राजधानीसह तिसवाडी व फोंडा तालुक्यांचे पाणी कित्येक दिवस तुटले, ते वाचकांच्या स्मरणात असेलच. अशा वेळी कोसच्या कोस वाहिनी रिकामी होते. ती पुन्हा भरताना आत शिरलेली सगळी हवा कुठून तरी बाहेर पडावी लागते. वाहिनीच्या उंचवट्यांवर हवा सोडणाऱ्या झडपा धड असतील तर ती तेथून जाते. त्या गंजल्या, चिखलात बुजल्या किंवा मुळात बसविल्याच नसतील, तर घरोघरचे नळ हेच तिचे दरवाजे ठरतात.

हवा आणि पाणी यांतला भेद ओळखणे आजच्या विज्ञानाला अवघड आहे असेही नाही. मूत्रपिंड निकामी झालेला रुग्ण डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला असतो, तेव्हा मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर रक्त त्याच्या देहातून बाहेर पडून परत आत जात असते. त्यात हवा शिरली तर प्राणावर बेतते. म्हणून परतीच्या नळीवर श्राव्यातीत ध्वनीचा एक पहारेकरी बसविलेला असतो. द्रवातून हा ध्वनी सहज पार जातो. हवेच्या सीमेवर आपटला की जवळजवळ सगळा परत फिरतो. पलीकडचा आवाज क्षीण झाला की यंत्र क्षणात नळी चिमटून टाकते, पंप थांबविते आणि घंटा वाजविते. श्राव्यातीत ध्वनीवर चालणारी नवी पाणी-मीटरे याच जातीची आहेत. प्रवाहाच्या दिशेने आणि प्रवाहाविरुद्ध पाठविलेल्या ध्वनीला लागणाऱ्या वेळांतल्या फरकावरून ती वेग काढतात. चक्री नाही, म्हणून झीज नाही. नळी कोरडी असेल तर ध्वनी पलीकडे पोहोचत नाही आणि मोजणी थांबवता येते.

मग अडचण कोठे आहे? प्रयोगशाळेतली नळी आणि आपल्या रस्त्याखालची नळी यांच्यातील अंतरात. मायकेल फॅरडे याने १८३२ साली लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीत तांब्याचे पत्रे सोडून, पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे वाहत्या पाण्यात निर्माण होणारा विद्युतदाब मोजण्याचा प्रयत्न केला. तत्त्व बिनचूक होते, पण नदीने साथ दिली नाही आणि खात्रीलायक निष्कर्ष हाती लागला नाही. त्याच तत्त्वावर चालणारी मीटरे बाजारात यायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले. आंतरराष्ट्रीय मानकांतील दुसऱ्या वर्गाच्या पाणी-मीटरला नेहमीच्या प्रवाहात शेकडा दोनपर्यंतच चूक माफ असते. पण ती परीक्षा भरलेल्या नळीतील पाण्यावर होते. आमच्याकडे नळी ना पूर्ण भरलेली ना पूर्ण रिकामी, अशी फेसाळ अवस्था रोज काही मिनिटे चालते. बुडबुडे ध्वनी विखरून टाकतात. यंत्राला कधी ऐकू येते, कधी येत नाही. त्यात जांभ्या मातीचा गाळ नळीच्या आतल्या बाजूवर बसतो. पावसाळ्यात मीटरचा खड्डा आठवडेच्या आठवडे पाण्याखाली जातो. किनाऱ्यावरची खारी हवा पितळेलाही सोडीत नाही, तर नाजूक जोडणीची काय कथा!

ऐकू न आलेल्या क्षणी यंत्राने काय करावे, हा आमच्या मते या साऱ्या प्रकरणातला कळीचा प्रश्न आहे. मागचाच वेग धरून अंदाजाने मोजत राहायचे, की मोजणी थांबवायची? हा निर्णय यंत्र घेत नाही. ते घडविणारा आणि विकत घेणारा घेतो. डायलिसिसच्या यंत्रात संशयाचा फायदा रुग्णाला दिलेला आहे. अर्थात अतिसंशयी यंत्रही कामाचे नसते. अमेरिकेतील रुग्णालयांना दर्जा देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३ मध्ये इशारा दिला होता, की उपकरणांच्या घंटांपैकी शेकडा ८५ ते ९९ घंटा काही करण्याची गरज नसताना वाजतात आणि ऐकणारे त्यांना सरावून जातात. प्रत्येक बुडबुड्याला थांबणारे मीटर खात्याचे उत्पन्न बुडवील, हे आम्ही नाकारीत नाही. संशय किती काळ धरावा याची मर्यादा आपल्या नळ्यांवर प्रयोग करूनच ठरवावी लागेल. परदेशी कारखान्याच्या पुस्तिकेत ती सापडणार नाही.

खरा उपाय चोवीस तास पाणी, हे सर्वज्ञात आहे. शेजारच्या बेळगावात २००८ मध्ये काही प्रभागांत तो करून दाखविण्यात आला. नळी सतत दाबाखाली राहिली की हवेला शिरायला वाट नाही आणि साधे मीटरही खरे बोलू लागते. ‘हर घर जल’ प्रमाणित पहिले राज्य म्हणून २०२२ मध्ये गोव्याचा गौरव झाला. घरात नळ पोहोचला याचा आम्हांलाही आनंद आहे. नळात पाणी अखंड राहण्याचा दिवस मात्र अद्याप दूर आहे, आणि बिले काही त्या दिवसाची वाट पाहत थांबलेली नाहीत.

तेव्हा नवी मीटरे घेण्याच्या निविदेत, मोजणीची हमी कोरड्या आणि फेसाळ नळीसाठीही असावी, अशी स्पष्ट अट घातली गेली पाहिजे. घाऊक खरेदीपूर्वी त्यांतली थोडी मीटरे एक पूर्ण पावसाळा डोंगरमाथ्यावरच्या आणि किनाऱ्यालगतच्या घरांत बसवून, टाकीत प्रत्यक्ष पडलेल्या पाण्याशी त्यांचे आकडे ताडून पाहावेत आणि ते आकडे जनतेसमोर ठेवावेत. हवेच्या झडपांची दुरुस्ती करायला तर निविदेचीही वाट पाहण्याचे कारण नाही. कोणत्या उंचवट्यावर झडप आहे, कोठे नाही आणि कोठे ती मातीखाली गेली आहे, याची नोंद प्रत्येक उपविभागातील लाइनमनच्या डोक्यात असते. ती कागदावर उतरवून घेण्यास एक आठवडा पुरेल.