माझा पहिला हँडिकॅप, अर्थात लिंबूटिंबूला मिळालेला नंबर

दोन महिने झाले या गोष्टीला. रविवारी सकाळी उठल्या उठल्या मोबाईल बघितला. (हापिसातल्या सर्व्हरने रात्री काही घाण करून ठेवलीये का ते बघायची जुनी खोड. जात नाही.) सर्व्हर बिचारा गप होता, पण गोल्फच्या ॲपवर एक आकडा येऊन बसला होता. २४.७. माझा आयुष्यातला पहिला अधिकृत हँडिकॅप.

मी स्क्रीन दोनदा खाली ओढून रिफ्रेश केली. आकडा तोच.

"काय झालं रे?" बायको.

"हँडिकॅप आला. चोवीस पॉइंट सात."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"अठरा यायला हवा होता."

"मग जास्तच मिळालेत की! तोंड का पाडलंयस?"

आता हिला कसं सांगायचं की गोल्फमध्ये कमी म्हणजे चांगलं! असो. पण तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला द्यायला दोन महिने लागले, म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. पुण्यात वाढलेल्या माझ्यासारख्या मुलाचा गोल्फशी संबंध म्हणजे येरवड्याकडून जाताना कुंपणापलीकडे दिसलेलं हिरवंगार गवत, एवढाच. "केवढी जागा अडवून ठेवलीये लेकांनी" यापलीकडे कधी विचार केला नव्हता. नोकरीसाठी इंग्लंडात आलो, मिडलंड्समधल्या एका लहान गावात राहायला लागलो आणि इथे कळलं की गोल्फ हा फक्त साहेबाचा खेळ नाही. प्लंबर, शिक्षक, बसड्रायव्हर सगळे खेळतात. हापिसातले आम्ही चौघं दोन वर्षं दर शनिवारी एका सार्वजनिक कोर्सवर जायचो. माझा स्कोअर ९०, ९१, क्वचित ८९. कोर्सचा पार ७२. म्हणजे वजाबाकी करून मी स्वतःला १८ हँडिकॅपवाला म्हणवून घ्यायला लागलो. यंदाच्या वसंतात एका छोट्याशा क्लबचं सभासदत्व घेतलं तेव्हा फॉर्म भरताना वाटलं, आता फक्त शिक्का मारून घ्यायचा.

ज्यांना हँडिकॅप म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी: लहानपणी गल्लीत खेळताना कोणाचा तरी धाकटा भाऊ असायचा, तो लिंबूटिंबू. त्याला हळू बॉल टाकायचा, पहिल्या बॉलवर आउट द्यायचा नाही. हँडिकॅप म्हणजे तीच सूट, पण हिशेब करून दिलेली. तुम्ही जितके कच्चे, तितके फटके तुमच्या स्कोअरमधून वजा. त्यामुळे ६ हँडिकॅपवाला आणि ३० हँडिकॅपवाला एकमेकांविरुद्ध खरीखुरी मॅच खेळू शकतात. टेनिसमध्ये किंवा बुद्धिबळात असलं काही रोजच्या खेळात रुळलेलं नाही. पूर्वी जगात यासाठी सहा निरनिराळ्या पद्धती होत्या. २०२० साली त्या गुंडाळून एकच जागतिक पद्धत आणली, इंग्लंडमध्ये ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लागू झाली. सर्वात मोठा हँडिकॅप ५४, बाई असो वा पुरुष.

पहिला आकडा मिळायला ५४ होल्सचे स्कोअर लागतात, म्हणजे १८ होल्सच्या तीन फेऱ्या. प्रत्येक फेरी सुरू करायच्या आधी ॲपवर नोंदवायची की "ही मोजायची आहे". खेळून झाल्यावर "आज नको, उद्याची धरा" असं चालत नाही. आणि बरोबर एक मार्कर हवा, जो तुमचं कार्ड तपासून मान्य करेल. माझ्या वाट्याला आले सत्तरीच्या घरातले एक निवृत्त शिक्षक. अतिशय सभ्य, अतिशय शांत. आणि फटके मोजण्यात एखाद्या बँकेच्या कॅशियरसारखे.

पहिलं कार्ड १०३. दुसरं १०८. तिसरं ९९.

कुठे गेले माझे ९०? घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं. शनिवारच्या आमच्या खेळात पहिला फटका वाकडा गेला तर दुसरा मारायचा, त्याला मलिगन म्हणतात, म्हणजे आपला गल्लीतला ट्रायल बॉल. होलपासून तीन-चार फुटांवर चेंडू असला की "चल, दिला!" आणि उचलायचा. मार्करसमोर तेच तीन फुटी पट मारायला लागलो तर निम्मे हुकले. झाडीत चेंडू हरवला तर आम्ही एक फटका धरून तिथेच दुसरा टाकायचो. नियमाने तीन मिनिटं शोधायचा, नाही सापडला तर एक दंड आणि परत मूळ जागी जाऊन मारायचं. अशा सवलती अठरा होल्सवर पसरल्या की दहा-बारा फटके सहज लपतात. आम्ही कोणी कोणाला फसवत नव्हतो बरं का. चौघंही एकमेकांना सारखेच उदार होतो, म्हणून कोणाला कळलंच नाही.

तिसऱ्या कार्डाच्या वेळची एक गोष्ट सांगायलाच हवी. चौदाव्या होलवर मी झाडीत होतो, मार्करसाहेब पलीकडच्या बाजूला त्यांचा चेंडू शोधत होते. मी बॅट घुमवल्यासारखी क्लब फिरवली आणि... चेंडू जागेवरच. साफ हुकला. मारायच्या इराद्याने फिरवलेला क्लब म्हणजे एक फटका, चेंडूला लागो न लागो. कोणी पाहिलं नव्हतं. होल संपल्यावर त्यांनी विचारलं, "सात ना?" मी जवळजवळ दोन सेकंद गप्प राहिलो. मग म्हणालो, "आठ."

यात मोठेपणा काही नाही. गंमत त्याच्या पुढची आहे. घरी येऊन सूत्रात आकडे घातले (इंजिनिअर आहे, करणारच). स्कोअरमधून कोर्सचं रेटिंग वजा करायचं, आमच्या कोर्सचं ७०.२. मग ११३ ने गुणून कोर्सच्या स्लोपने भागायचं, आमचा १२२. ९९ चे झाले २६.७. तो फटका लपवला असता तर ९८ चे झाले असते २५.७. म्हणजे खोटं बोलून माझा हँडिकॅप एकाने कमी झाला असता. कमी म्हणजे चांगला दिसणारा. आणि कमी म्हणजे मलाच स्पर्धेत एक फटका कमी सूट! बढाईखोराला शिक्षा करायला इथे कोणी लागत नाही, त्याचा आकडाच करतो.

पण मग २४.७ कुठून आले? नियम असा की तीनच कार्डं असतील तर त्यातलं सर्वात चांगलं घ्यायचं आणि वर आणखी २ वजा करायचे. २६.७ वजा २. त्याचा आमच्या कोर्सवर होतो २६ फटक्यांचा हँडिकॅप. पार ७१, अधिक २६, म्हणजे ९७. आता नीट वाचा. मी आयुष्यात नियमाने कधीही ९७ खेळलो नव्हतो. तरी पद्धत म्हणत होती, तू ९७ चा खेळाडू आहेस.

हे मला पहिल्या स्पर्धेपर्यंत उमगलंच नव्हतं. स्पर्धा स्टेबलफोर्ड होती. फ्रँक स्टेबलफोर्ड नावाच्या एका डॉक्टरने शोधलेली ही पद्धत, १९३२ साली इंग्लंडमधल्या वॉलसी इथे सुरू झालेली. सूट धरून पार केला तर त्या होलचे २ गुण, एक फटका जास्त झाला तर १, त्याहून वाईट तर शून्य आणि पुढे चला. ३६ गुण म्हणजे तुम्ही हँडिकॅपला जागलात. मला मिळाले २७. चहा पिताना मी तोंड लपवत होतो. मार्करसाहेब म्हणाले, "हा तुमचा रोजचा आकडा नाही. तुमच्या चांगल्या दिवसाचा आहे."

आणि मग ट्यूब पेटली. हँडिकॅप ही सरासरी नाहीच. २० कार्डं झाली की त्यातली सर्वात चांगली ८ घेऊन त्यांची सरासरी काढतात. बाकीची १२ मोजणीत येतच नाहीत. त्यामुळे आपल्या हँडिकॅपएवढं खेळणं चार-पाच फेऱ्यांत एकदा जमलं तरी ते अगदी नॉर्मल. समजा तुमच्या टीमच्या गेल्या २० स्प्रिंटमधले सर्वोत्तम ८ घेऊन मॅनेजरला कबूल केलं की "आम्ही दर वेळी एवढं काम देऊ", तर काय होईल? दर वेळी फजिती. नवा सभासद नेमकं हेच करतो. चांगल्या दिवसाचा आकडा रोजचा पगार समजतो आणि दर रविवारी कर्जात जातो.

पण मग पद्धत बनवणाऱ्यांनी सरळ सरासरी का नाही घेतली? मला पटलेलं उत्तर असं: मुद्दाम वाईट खेळता येतं, मुद्दाम चांगलं खेळता येत नाही. सरासरी घेतली तर कोणीही चार घाणेरडी कार्डं टाकून सूट फुगवून घेईल. चांगल्या कार्डांवर हिशेब ठेवला की ती युक्ती बरीचशी लंगडी पडते. वर आणखी बंदोबस्त आहे. २० कार्डं झाल्यावर वर्षभरातल्या आपल्या सर्वात कमी आकड्यापेक्षा हँडिकॅप ३ ने वाढला की पुढची वाढ निम्मी होते आणि ५ च्या वर तर जाऊच देत नाहीत. उलट एखाद्या दिवशी आपल्या आकड्यापेक्षा ७ ने चांगलं खेळलात तर जादा कात्री. इनपुट देणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, पण आंधळा नाही. असं डिझाइन आपल्या किती सिस्टीम्समध्ये असतं?

तरी पळवाटा राहतातच. आमच्या क्लबात एक मराठी डॉक्टर आहेत, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. त्यांनी प्रेमाने सल्ला दिला. "अरे, एवढ्यात कार्डं टाकू नकोस. उन्हाळ्यातल्या स्पर्धा होऊ देत. आकडा मोठा असलेला बरा असतो."

"पण काका, तोपर्यंत मी सुधारलो तर?"

"तेच तर म्हणतोय!"

अशा माणसाला इथे बँडिट म्हणतात, म्हणजे शुद्ध मराठीत दरोडेखोर. दुसऱ्या टोकाला १२ चा आकडा छातीवर मिरवणारे, पण ९५ च्या आत कधी न येणारे. लोक बँडिटवर चिडतात आणि या दुसऱ्यावर हसतात. मी स्वतः दुसऱ्या जातीतला होतो म्हणून सांगतो, तो आजार दिसतो तितका निरुपद्रवी नाही. १८ म्हणवणारा माणूस दर शनिवारी ९९ मारतो आणि दर शनिवारी म्हणतो, "आज जमलं नाही यार." दोन वर्षं मी हेच वाक्य म्हणत होतो. माझा खेळ वाईट नव्हताच कधी, फक्त दिवस वाईट असायचे! जो आकडा खोटा असतो, तो शिकू देत नाही. दोन वर्षांत मी छोट्या पटचा सराव एकदाही केला नाही, कारण माझ्या कार्डावर छोटा पट कधी हुकलाच नव्हता.

याची परीक्षा लगेचच झाली. पुढच्या महिन्यात आमच्या कंपनीचा गोल्फ डे आहे, जोड्यांचा. जानेवारीत फॉर्म आला तेव्हा मी ऐटीत १८ लिहून दिलं होतं. माझी जोडी लागली आमच्या मॅनेजरबरोबर. तोवर माझी पाच कार्डं झाली होती आणि आकडा सुधारायच्या ऐवजी वाढला होता. चार कार्डं झाल्यावर २ च्या जागी १ वजा होतो, पाच झाल्यावर काहीच नाही. २४.७ चे २५.७, मग २६.७. गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. त्या दिवशी फार तर म्हटलं असतं, "आज जमलं नाही." पण फटका बसला असता जोडीदारालाही, आणि त्याला कधी कळलंही नसतं की का.

शुक्रवारी संध्याकाळी मेल लिहिली. तीनदा खोडली. शेवटी दोन ओळी: "माझा हँडिकॅप १८ लिहिला होता, तो माझा अंदाज होता. अधिकृत आकडा २६.७ आहे, कृपया बदलावा." सीसीमध्ये मॅनेजर. सोमवारी लिफ्टमध्ये भेटला तेव्हा हसला आणि म्हणाला, बरं झालं आधी सांगितलंस. हसण्यात थोडी मजा होती, नाही असं नाही. चालायचंच.

माझं मत एवढंच आहे मंडळी. नवीन सभासदाने पहिल्या आकड्याकडे ना सर्टिफिकेट म्हणून बघावं, ना अपमान म्हणून. गल्लीतल्या लिंबूटिंबूला सूट मिळायची, पण त्याच्या रन कोणी धरायचं नाही. तो खेळात असून नसायचा. इथे सूट मिळते आणि तुमचा प्रत्येक फटका धरला जातो. म्हणून तर मी ६ हँडिकॅपवाल्याशी बरोबरीने खेळू शकतो. त्या बदल्यात माझ्याकडून एकच अपेक्षा आहे, की कार्ड खरं असावं आणि चांगल्या-वाईट दोन्ही दिवसांचं असावं.

बायकोला आता उत्तर देता येतं. चांगलं की वाईट? दोन्ही नाही गं. खरं आहे.

उद्या सकाळी सव्वासातचा टी टाइम आहे. सहावं कार्ड. फेरी ॲपवर नोंदवून झाली. पावसाचा अंदाज आहे, पण आता माघार नाही :-)