मडके कोणी वाजवायचे?

आमच्या कार्यालयात सातशे रुपयांचे प्रवासभत्त्याचे देयक मंजूर व्हावयाचे असेल, तर ते तीन जणांच्या नजरेखालून जाते. आकडा चुकला, तारीख जुळली नाही, नियमाचा क्रमांक राहिला, तर ते परत येते. आणि परत आले म्हणून कोणी रुसत नाही. परंतु त्याच कार्यालयातील एखादा मराठी माणूस रात्री जागून ज्ञानेश्वरीवर लेख लिहितो आणि बृहन्महाराष्ट्रातील एखाद्या अंकाकडे धाडतो, तेव्हा तो एकाच्याही नजरेखालून नीट जात नाही. सातशे रुपयांना तीन वाचक आणि ज्ञानेश्वरीला एकही नाही, असा आपला हिशेब आहे. या हिशेबाविरुद्ध मला तक्रार नोंदवावयाची आहे.

प्रथम स्वतःचाच अपराध सांगतो. सात वर्षांपूर्वी मी नामदेवांवर एक लेख लिहिला. तो एका दिवाळी अंकात छापून आला. तिघा मान्यवरांनी पाठ थोपटली. एकाने तर लेखणीला ‘प्रासादिक’ म्हटले. पुढे चार वर्षांनी लेखापरीक्षणातून निवृत्त झालेल्या एका काकांनी मला घरी बोलावून विचारले, “ज्या अभंगावर तुम्ही सारा डोलारा उभा केला आहे, तो नामदेवांचा कशावरून?” नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांची रचना मिसळलेली आहे, ही अभ्यासकांना परिचित असलेली गोष्ट मला ठाऊकच नव्हती. मी निवडलेला अभंग त्याच संशयित रचनांपैकी होता. काकांचा मला राग आला नाही. राग आला तो त्या तीन शाबासक्यांचा, कारण त्यांनी माझी चार वर्षे फुकट घालवली.

दुसरे उदाहरण याहून दुःखद आहे. आमच्याच विभागातील एका तरुण भगिनीने आजीच्या वारीवर लेख लिहून एका ज्येष्ठांना दाखविला. त्यांनी पाने उलटलीसुद्धा नाहीत, “या विषयावर लिहिण्याचा आपला अधिकार काय?” एवढेच विचारले. त्या दिवसापासून तिने लेखणी खाली ठेवली आहे. मला न वाचता शाबासकी मिळाली, तिला न वाचता तिरस्कार मिळाला. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरुद्ध वाटतात. वस्तुतः दोन्हींचे मूळ एकच आहे. वाचण्याचे कष्ट कोणालाच नको आहेत.

यावर ठरलेले उत्तर असे मिळते, की अध्यात्म हा अनुभवाचा विषय आहे, तो शिकवता येत नाही. मान्य. अनुभव शिकवता येत नाही. परंतु वाक्य शिकवता येते, आधार तपासता येतो, उसना शब्द कोणता आणि स्वतःचा कोणता हे दाखवता येते. आणि ज्या परंपरेचे नाव घेऊन हे उत्तर दिले जाते, ती परंपरा तरी काय सांगते? गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची मस्तके वाजवून पाहिली आणि प्रत्यक्ष विठ्ठलाच्या लाडक्या नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरविले, ही कथा आपण कीर्तनात कौतुकाने ऐकतो. तिचा उत्तरार्ध मात्र विसरतो. नामदेवांना कोणी उकिरड्यावर टाकले नाही. ते औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले, तेथे भाजले गेले; आणि त्याच नामदेवांची एकसष्ट पदे आज गुरू ग्रंथसाहिबात आहेत. मडके कच्चे आहे एवढे सांगणे हे अर्धेच काम. भट्टीची वाट दाखविणे हे उरलेले अर्धे.

आपणा सरकारी नोकरांना तर जनार्दनस्वामी आणि एकनाथ यांची जोडी विशेष जवळची वाटावयास हवी. स्वामी देवगिरीच्या किल्ल्यावरचे अधिकारी. शिष्याला त्यांनी हिशेबाच्या वह्या दिल्या. एका पैची चूक शोधण्यासाठी एकनाथ रात्रभर जागले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, त्या कारकुनी चिकाटीचे फळ मात्र इतिहासात आहे. एकनाथांचे भागवत 1573 मध्ये, महाराष्ट्रापासून दूर, काशीत पूर्ण झाले. आणि 1584 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, शिवाय तीत आपल्या पदरची ओवी कोणी घालू नये असे बजावले. ज्या ग्रंथापुढे ते नतमस्तक होत, त्याच्याच प्रतींतील चुका त्यांनी काढल्या. तेव्हा दोष दाखविल्याने श्रद्धा दुखावते, असे म्हणणाऱ्यांनी आधी एकनाथांना जाब विचारावा.

येथे एक सावधगिरी अवश्य हवी. मी दीक्षागुरू मागत नाही. गुरूपुढे शिष्य मान लवून बसतो. लेखनातील वडीलधाऱ्यापुढे नवख्याला “मला हे पटत नाही” असे म्हणता आले पाहिजे. जो ज्येष्ठ लेखाबरोबर पायावर डोकेही मागतो, त्याच्या हाती लेख देऊ नये. तसेच लेखकाची श्रद्धा किती, तो उपवास करतो की नाही, हे विचारण्याचा हक्क संपादकाला नाही. त्याने फक्त लेख वाचावा.

माझी मागणी लहान आहे. आपल्या प्रत्येक शहरात निवृत्त अध्यापक आहेत, लेखापरीक्षक आहेत, गाथा मुखोद्गत असलेल्या आजीबाई आहेत. त्यांपैकी प्रत्येकाने वर्षाकाठी एकाच नव्या लेखकाचा हात धरावा. लेख महिन्याच्या आत, समासात शेरे लिहून परत करावा. प्रत्येक अवतरण कोणत्या गाथेतील, कोणत्या प्रतीतील, हे विचारावे. दुसरा मसुदा मागावा आणि तोही वाचावा. संपादकांनी ‘विषय पवित्र आहे’ या सबबीवर कच्चा लेख छापू नये, आणि ‘अधिकार नाही’ या सबबीवर चांगला लेख परत पाठवू नये.

2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. ते योग्यच झाले. परंतु ज्या प्राचीन ग्रंथांच्या बळावर तो मान मिळाला, त्यांच्याविषयी आज कोण लिहितो आणि त्याचे लिखाण कोण तपासतो, हा प्रश्न पेढ्यांनी सुटत नाही. आमच्या विभागातील ती भगिनी अजून रोज समोरच्या मेजावर बसते. तिचा लेख मी मागून घेतला आहे. दोनदा वाचला आहे. समासात अकरा शेरे लिहिले आहेत. सोमवारी तो तिच्या हाती देणार आहे. वाचकहो, आपल्या मेजासमोर कोण बसले आहे, ते एकदा पाहावे.