गर्भातील भूक आणि प्रौढपणीचा मधुमेह

देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीतून २०२३ साली पुढे आला. त्यावरचा उपदेश ठरावीकच: कमी खा, चाला, जिभेवर ताबा ठेवा. हा उपदेश खोटा नाही, अपुरा आहे. स्थूलता व मधुमेह ही केवळ व्यक्तीच्या चैनीची वा आळसाची फळे आहेत असे एकदा ठरविले, की समाजाची जबाबदारी आपोआप संपते. एपिजेनेटिक्स या विज्ञानशाखेने या सोयीस्कर समजुतीलाच धक्का दिला आहे.

जनुकांचा मजकूर न बदलताही त्यांचे कार्य बदलू शकते. डीएनएवर मिथाइल गटासारख्या रासायनिक खुणा चिकटतात आणि त्यांच्यामुळे एखादे जनुक क्रियाशील होते वा निष्क्रिय राहते. आईच्या पोषणाचा परिणाम गर्भावरील या खुणांवर होऊ शकतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम हॉलंडची अन्नकोंडी केली. माणशी दैनिक शिधा हजार उष्मांकांच्याही खाली गेला. त्या वेळी गर्भात असलेल्यांची साखर पचविण्याची क्षमता प्रौढपणी कमी आढळली. ज्यांची गर्भधारणाच त्या उपासमारीत झाली, त्यांच्या वाढीशी निगडित एका जनुकावरील मिथाइल खुणा भावंडांच्या तुलनेत कमी असल्याचे २००८ साली, म्हणजे सहा दशकांनंतर, दिसून आले.

हॉलंडची ती भूक काही महिन्यांची होती. आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली सुरू केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. मात्र या किरकोळ बालकांच्या अंगी स्नायू कमी असूनही चरबी त्या मानाने टिकून होती. बहुसंख्य मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती, आणि मिथाइल गटांच्या निर्मितीसाठी हेच जीवनसत्त्व लागते. गर्भारपणी अधिक कष्ट उपसणाऱ्या स्त्रियांची बालके अधिक लहान भरली, हेही त्याच अभ्यासाने दाखविले.

कारणांची सारी साखळी अद्याप सिद्ध झालेली नाही, हे मान्य केले पाहिजे. अनुवंश, आजचा आहार व राहणी यांचाही वाटा आहेच. परंतु या ज्ञानातून नवा दैववाद उभा राहता कामा नये आणि दोषाचे खापर आईच्या माथी फुटता कामा नये. ऊसतोडीच्या फडात सातव्या महिन्यातही मोळ्या उचलणारी स्त्री आपला आहार निवडत नसते. तिची मजुरी तो निवडते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवतीला किमान ६००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेने तो पहिल्या अपत्यापुरता ५००० रुपयांवर आणला. दुसऱ्या वेळी मदत मिळते ती मुलगी झाली तरच. गर्भ असा भेद जाणत नाही. प्रत्येक गर्भारपणी पुरेसे साहाय्य, असंघटित स्त्रीलाही भरपगारी विश्रांती, अंगणवाडीच्या ताटात दूध व अंडी, या मागण्या दयेच्या नव्हेत. मधुमेहाविरुद्धचा लढा दवाखान्यात नव्हे, तेथे सुरू होतो.