नियमाचा उरलेला अर्धा भाग

न्यूटनचा दुसरा नियम विचारला तर आपल्या होस्टेलवरचा कुणीही अर्धवट झोपेत ‘एफ इज इक्वल टू एम ए’ सांगेल. मीही सांगायचो. फर्स्ट इयरला मेकॅनिक्सच्या पेपरात उताराची गणितं मला कधी अडली नाहीत. ब्लॉक काढायचा, एमजी साइन थीटा, एमजी कॉस थीटा, मार्क खिशात! पण हा नियम आपल्याला निम्माच येतो, हे कळायला मला माझ्या गावाकडचा एक उतार बघावा लागला.

माझं गाव करकंब, तालुका पंढरपूर. उजनीचं पाणी आलं तसा आमच्या भागात ऊस वाढला. दिवाळी झाली की रस्ते ऊसवाहतुकीचे. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यांत शिगोशीग ऊस, आणि टेपवर फुल्ल आवाजात गाणी. चढावर एखाद्याची पुढची चाकं उचलली की पोरं शिट्ट्या मारतात. पारावर चर्चा एकच, ‘कुणाचा किती ओढतो?’ पुढची चाकं उचलली म्हणजे त्यांच्यावर भार उरला नाही, आणि भार नाही तर स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही, हे शिट्टी मारणाऱ्याच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. शिट्ट्या मारणाऱ्यांत मीही होतो.

दोन वर्षांपूर्वी थंडीत माझा शाळेतला एक मित्र भरल्या ट्रॉल्या घेऊन कालव्याच्या पुलावरून उतरत होता. उतार संपता संपता वळण आहे. वळणावर त्यानं ब्रेक दाबला, आणि ट्रॅक्टर मागून ढकलल्यासारखा आडवा होऊन चारीत गेला. पाय दोन ठिकाणी मोडला. जीव वाचला हेच खूप. गावानं निकाल दिला, ‘ब्रेक फेल’. पण मेकॅनिकनं बघितलं तर ब्रेक ठणठणीत! मग झालं काय?

सुट्टी संपवून होस्टेलवर आलो आणि वही काढली. आकडे अंदाजानं धरले. ट्रॅक्टर २ टन, ट्रॉल्या आणि ऊस मिळून १८ टन, एकूण २० टन. उतार ३ अंश, म्हणजे शंभर फुटाला साधारण पाच फूट. तेवढ्यानंही उताराच्या दिशेनं वजनाचा घटक येतो सुमारे १०.३ किलोन्यूटन. आता अडवणार कोण? आमच्याकडं मी पाहिलेल्या ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही. ट्रॅक्टरचा ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. त्यांच्यावर १.३ टन भार आणि घर्षणाचा गुणांक ०.६ धरला, तर रस्ता जास्तीत जास्त ७.६ किलोन्यूटन पकड देतो. इंजिनचा अडसर धरून बरं का, कारण तोही त्याच चाकांतून रस्त्यापर्यंत जातो. चाकांचा फिरण्याचा विरोध ३ टक्के धरून आणखी ५.९. बेरीज-वजाबाकी केली की थांबवायला उरतात फक्त ३.२ किलोन्यूटन. २० टनांना ३.२! ताशी २० किलोमीटर वेग असेल तर थांबायला शंभर मीटरच्या आसपास रस्ता लागतो. तोच ट्रॅक्टर रिकामा, एकटा असेल तर चार-साडेचार मीटरमध्ये उभा.

ही झाली एक दिशा. खरी गंमत (गंमत कसली म्हणा!) दुसऱ्या दिशेत आहे. ब्रेक दाबल्यावर ट्रॉल्या जोडाच्या दांडीतून ट्रॅक्टरला ढकलतात. माझ्या आकड्यांत हा रेटा येतो सुमारे ६.८ किलोन्यूटन. सरळ रस्त्यावर तो सरळ पुढं. पण वळणात दांडी आणि ट्रॅक्टर यांच्यात ३० अंशांचा कोन पडला की त्याचा निम्मा, ३.४ किलोन्यूटन, ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला आडवा बसतो. त्याला अडवायला पुन्हा तीच मागची चाकं आणि तीच ७.६ ची पकड. ती तर ब्रेकनं आधीच खर्च केलेली! घर्षणाला एक्सचं खातं वेगळं आणि वायचं वेगळं नसतं. खातं एकच. दोन्ही घटकांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ त्याच्या आत बसलं पाहिजे. त्यात रस्त्यावर पाचट सांडलेलं असेल तर शिल्लक आणखी कमी. ब्रेक फेल झाला नव्हता. ब्रेकनं सगळं घेतलं, म्हणून आडवं काही उरलं नाही.

न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ साली आला. त्यात दुसरा नियम आपल्या पाठातल्या सूत्रासारखा नाही. गतीतला बदल बलाच्या प्रमाणात होतो हा त्याचा पहिला भाग, आणि बल ज्या रेषेत लागलं त्याच रेषेत तो होतो हा दुसरा. अक्षांवर बलं विभागून वेगवेगळी समीकरणं लिहिण्याची स्वच्छ रीत ऑयलरनं १७५० मध्ये मांडली. आपण पहिला भाग पाठ केला आणि दुसरा रेषेवरच्या बाणापुरता ठेवला. पारावरची माणसं ‘किती ओढतो’ एवढंच विचारतात म्हणून आपण हसतो. आपण तरी वेगळं काय करतो? उत्तर आलं की खाली दोन रेघा, पुढचा प्रश्न.

कुणी म्हणेल, ड्रायव्हरला वेक्टर कशाला हवेत? आमचे तात्या तीस वर्षं ट्रॅक्टर चालवतात, सातवी शिकलेत. मी त्यांना वही दाखवली तर म्हणाले, “आरं, हे आम्हाला ठावं हाय की. उताराला लागायच्या आधी बारका गिअर टाकायचा. आन् वळणात ब्रेकवर नाचायचं न्हाई.” मी गार! पान भरून केलेलं गणित दोन वाक्यांत. पण तात्यांना हे कळायला किती हंगाम गेले, किती वेळा ते थोडक्यात वाचले? माझ्या मित्राचा तो पहिलाच हंगाम होता. पैसे टनावर, खेपा रात्रीच्या, आणि शिकवायला कुणी नाही. तीस वर्षांचं शहाणपण पहिल्याच हंगामाला देता यावं, यासाठीच तर शास्त्र असतं ना?

म्हणून सरांना एक विनंती. ट्यूटोरियलमध्ये एक तरी गणित आम्हाला गावाकडून आणू द्या. ऊसाची ट्रॉली, वारीतला ट्रक, घाटातली एसटी, काहीही. आकडे आम्ही धरू, चुकलो तर लाल पेन आहेच. आणि फायनल इयरच्या मित्रांनो, प्रोजेक्ट विकत आणण्यापेक्षा ट्रॉलीच्या ब्रेककडं बघा. ट्रॉली पुढं रेटू लागली की दांडी दबून तिचाच ब्रेक लागतो, ही रचना नवी नाही. आपल्या गावच्या वेल्डिंगच्या दुकानात ती परवडेल अशी बसवणं, हे काम आपलं आहे.

मित्र आता चालतो, थोडा लंगडत. मागच्या सुट्टीत त्याला वहीतली आकृती दाखवली. बराच वेळ बघून म्हणाला, “म्हंजे माझी चूक नव्हती?” मी म्हणालो, “चूक होती रे. पण तुला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मला सांगितलं होतं, तरी मी तुला सांगितलं नाही.”