संगणकातला दुभाषी

दोस्तांनो, समजा तुमच्या शेजारी एक तमिळ कुटुंब राहायला आलं. त्या घरच्या आजी सांबार झकास करतात. तुम्हाला कृती विचारायचीय. पण आजींना मराठी येत नाही आणि तुम्हाला तमिळ! मग काय कराल? त्यांची नात तुमच्या वर्गात आहे, तिला दोन्ही भाषा येतात. तिलाच मध्ये बसवाल ना? ती झाली दुभाषी. संगणकातही असे दुभाषी लागतात आणि गंमत म्हणजे ते आपल्याला घरच्या संगणकावर तयार करता येतात!

‘सबव्हर्जन’ नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. त्याची पहिली पक्की आवृत्ती २००४ साली आली. लिखाणातले जुने-नवे बदल जपून ठेवणं हे त्याचं काम. प्रकल्पाचा मजकूर तुम्ही सोमवारी नोंदवलात, मंगळवारी त्यातला अर्धा खोडलात, तरी गुरुवारी सोमवारचा मजकूर जसाच्या तसा परत मिळतो. चौघांनी मिळून काम केलं, तर कोणी काय बदललं तेही कळतं.

हे सॉफ्टवेअर लिहिलंय ‘सी’ भाषेत. आता तुम्हाला ‘पायथन’ या सोप्या स्क्रिप्ट भाषेतून त्याला विचारायचंय, “या महिन्यात कोणी किती बदल केले?” इथेच घोडं अडतं. सी भाषेत शब्द म्हणजे मेमरीत ओळीनं मांडलेले नुसते आकडे. पायथनमध्ये मात्र प्रत्येक वस्तू स्वतःच्या डब्यात बंद, वर माहितीची चिठ्ठी चिकटवलेली! दुभाषी डबा उघडतो, आतला माल सीच्या हाती देतो आणि आलेलं उत्तर पुन्हा डब्यात भरून पायथनला देतो. या दुभाष्याला ‘बाइंडिंग’ म्हणतात.

सबव्हर्जनमध्ये अशी शेकडो कामं आहेत. प्रत्येकासाठी हातानं दुभाषी लिहायचा म्हणजे केवढा खटाटोप! म्हणून ‘स्विग’ मदतीला येतं. डेव्हिड बीझली यांनी १९९५ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत ते सुरू केलं. सीमधल्या कामांची यादी दिली की स्विग दुभाष्याचा मजकूर स्वतःच लिहून देतं. पायथनसाठी, पर्लसाठी आणि रुबीसाठीसुद्धा!

लिनक्सच्या संगणकावर हे काम क्रमानं चालतं. आधी ‘कॉन्फिगर’: लागणारं सगळं साहित्य घरात आहे का, याची तपासणी. मग ‘मेक’: सबव्हर्जन स्वतः तयार होतं. त्यानंतर ‘मेक स्विग-पाय’: पायथनचा दुभाषी घडतो. शेवटी ‘मेक चेक-स्विग-पाय’: त्याची परीक्षा! क्रम मोडू नका. पाया न घालता भिंत उभी राहील का?

आणि मध्येच पडद्यावर चुकांच्या ओळींचा पूर आला तर? घाबरायचं नाही. वर जाऊन पहिली चूक शोधा. खालच्या पुष्कळशा तिचीच पिल्लं असतात. ‘पायथन डॉट एच’ सापडत नाही, असं लिहिलंय? मग पायथन आहे, पण त्याची अंतर्गत रचना सांगणारी फाइल नाही. बऱ्याच लिनक्समध्ये ती वेगळी घ्यावी लागते. दुसरी नेहमीची अडचण आवृत्तीची. सबव्हर्जनचा पायथन ३ जाणणारा दुभाषी २०२० च्या १.१४ आवृत्तीपासून मिळू लागला. त्याआधीच्याला पायथन २ च हवं!

आई-बाबांनो, मुलाच्या पडद्यावर चुकांची रांग दिसली की “तुला जमत नाही, सोड” असं म्हणू नका. यंत्र त्याला नापास करत नाहीये. काय कमी आहे ते सांगतंय. ते शांतपणे वाचायची सवय गणितातही उपयोगी पडते आणि पुढं आयुष्यातही.

तर दोस्तांनो, या आठवड्याचा गृहपाठ : घरच्या किंवा शाळेच्या संगणकावर पायथनची कोणती आवृत्ती आहे, ते शोधून वहीत लिहून ठेवा. दुभाषी घडवायचा, तर तो कोणाशी बोलणार हे आधी ठाऊक नको का?