कौलं मोजू नका, घर काढा!

पहिल्या वर्षीच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगने आपल्या सगळ्यांचाच हात कडक करून टाकला. टू-एचची पेन्सिल, मिनी ड्राफ्टर, आणि एक मिलिमीटर चुकला की शीट परत! तोच हात घेऊन एका रविवारी मी अंबडला गेलो. एमआयडीसीच्या शेड्स संपल्यावर एका मळ्यात जुनं कौलारू घर आहे, ते जलरंगात काढायला. दोन तास खपून एकूण एक कौल काढलं. घरातल्या आजी चित्र बघून म्हणाल्या, "लई नवं दिसतंय रं. आमचं घर असं कुठंय?"

आजींचं बरोबर होतं. मी कौलं मोजली, घर पाहिलंच नाही.

मग पुण्याच्या मिलिंद मुळीक यांची पुस्तकं चाळली. (हे चित्रकार शिक्षणाने इंजिनिअर, बरं का!) पुस्तकं आणि फुकट गेलेले बरेच कागद यातून थोडंफार कळलं. डोळे किलकिले करून आधी फक्त उजेड आणि सावली बघायची. ब्रश मोठा, दहा-बारा नंबरचा. छपराला बर्न्ट सिएनाचा एकच ओला हात, उन्हाच्या जागी कागद कोरा. त्याच सिएनात अल्ट्रामरीन मिसळला की करडी सावली तयार. ती वळचणीखाली एका फटकाऱ्यात. आणि मग हात मागे! गिरवत बसलं की रंग मळलाच.

काही मित्र म्हणतात, हा नुसता गबाळेपणा. मला नाही पटत. छपराचा कोन किंवा पर्स्पेक्टिव्ह चुकलं तर सैल ब्रश घर वाचवू शकत नाही. कुठे काटेकोर राहायचं आणि कुठे सोडून द्यायचं, हे ठरवावं लागतं. वर्कशॉपमध्ये टॉलरन्स शिकतो तो हाच की! प्रत्येक माप मायक्रॉनमध्ये मागणारा जॉब उगाच महाग करतो.

दुसरं म्हणजे, इथे खोडरबर चालत नाही. एका केटीने आठवडाभर न जेवणारी मुलं आपल्याच होस्टेलवर आहेत. चुकलेला फटकारा तसाच ठेवून पुढे जायची सवय त्यांना हवी, मलाही हवी.

चौथ्या चित्राला आजी म्हणाल्या, "हां, हे आमचं." ते घर पाडून तिथे लवकरच स्लॅब पडणार आहे.

म्हणून सरांना विनंती, रविवारी सकाळी ड्रॉइंग हॉल उघडा ठेवावा. आणि मित्रांनो, तुम्ही फक्त या. ब्रश मी देतो!